गाडीवरचा ढेकूण

गाडी माझ्या नावावर व्हायची होती आणि तिच्यावर नाव होतं ढेकणाचं. सगळी भानगड या एका वाक्यात आली. पण ती एका वाक्यात आटपली नाही, तीस दिवस चालली, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरात एक मोटार, दोन स्कूटर आणि एक हवा गेलेली सायकल आहे. मोटार नवऱ्याच्या नावावर, दोन्ही स्कूटर मुलाच्या नावावर, आणि सायकल सासऱ्यांची. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी ती त्यांचीच. एकूण चाकं दहा, आणि एकाही चाकावर माझं नाव नाही. पन्नाशीला मी गाडी शिकले, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. तरी मोटारीची चावी मागितली की नवरा म्हणे, "क्लच जरा नाजूक आहे गं तिचा," आणि स्वतःच चालवायला बसे. तीन वर्षं मी त्या नाजूक क्लचचा मान राखला. मग ठरवलं की आपण आपली गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण कागदावर नाव माझं हवं.

जुनी मिळाली ती ढेकूणवाल्या काकांची. वीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन ढेकूण मारले होते आणि आता ते लांब, मुलीकडे, कायमचे राहायला निघाले होते. गाडी लहान, चौकोनी, मागे भरपूर जागा असलेली. इंजिन ठणठणीत. फक्त तिच्या अंगभर पिवळे स्टिकर होते. उजव्या बाजूला 'ढेकूण? झुरळ? उंदीर?', डाव्या बाजूला वीतभर उंचीच्या आकड्यांत फोन नंबर, मागच्या दारावर 'आम्ही आलो, ते गेले!' आणि बॉनेटवर पाठीवर पडून सहाही पाय वर केलेला ढेकूण, जेवणाच्या ताटाएवढा.

"स्टिकर काय, निघतील," मी म्हणाले. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाटल्यांवरची लेबलं काढण्याचा मला सव्वीस वर्षांचा सराव आहे.

आणि ते निघाले. एका सुटीच्या दिवशी मी हेअर ड्रायरनं एकेक अक्षर गरम केलं, प्लास्टिकची पट्टी आडवी धरून कडेपासून उचललं, खाली राहिलेला चिकटा स्पिरिटनं पुसला. संध्याकाळी पाचपर्यंत सगळा मजकूर एका बादलीत जमा झाला होता. मी समाधानानं सात-आठ पावलं मागे सरकून गाडीकडे पाहिलं.

ढेकूण जागेवरच होता.

म्हणजे स्टिकर गेला होता, पण ढेकूण राहिला होता. आधी तो पिवळा होता, आता गडद निळा होता, एवढाच फरक. अक्षरंही सगळी होती. उलट पूर्वी कडा उचकटलेल्या असत, त्या आता सुबक झाल्या होत्या. गॅलरीतून सासूबाईंनी विचारलं, "काढून घेतलंस का नवीन करून घेतलंस गं?"

मी बादली उचलून आत आले. नोंदणी कार्यालयाची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती आणि मला वाटलं, माणसं समजून घेतात.

नोंदणी कार्यालयातल्या निरीक्षकांनी समजून घेतलं नाही; त्यांनी वाचून घेतलं. हातात फायलीचा पुठ्ठा धरून ते गाडीभोवती फिरले आणि मोठ्यानं वाचत गेले. "ढेकूण. झुरळ. उंदीर. प्रश्नचिन्ह तिन्हीला आहे?"

"आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. "हा धंदा तुम्ही पुढे चालवणार?"

"नाही साहेब. घरच्या वापराला घेतली आहे."

"मग धंद्याचा मजकूर दिसता कामा नये."

"मजकूर काढला आहे. ही नुसती त्याची खूण आहे."

"खूण वाचता येते का?"

"येते."

"मग तो मजकूर."

या युक्तिवादात मला कुठेही चूक सापडेना. शास्त्र शिकलेल्या माणसाला यापेक्षा मोठा अपमान नाही.

मग त्यांनी नोंदणी पुस्तक उघडलं. "रंग, निळा," त्यांनी वाचलं आणि गाडीकडे पाहिलं. "ही तर राखाडी आहे."

"निळीच होती. उन्हानं विटली."

"रंग बदलायची परवानगी घेतली होती?"

उन्हानं परवानगी घ्यायची कुठे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "नाही."

"मजकूर निळा आहे," ते जरा मवाळ होऊन म्हणाले, "पण मजकूर म्हणजे गाडी नव्हे, मॅडम." त्यांनी चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढले, फायलीला लावले आणि दोन हरकती लिहिल्या. एक, मजकूर दिसतो. दोन, रंग जुळत नाही. "तीस दिवसांत दोन्ही दूर करून गाडी दाखवा. नाहीतर फाइल बंद, मग सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे काकांच्या सहीपासून. आणि काका एकतिसाव्या दिवशी सकाळी निघणार होते.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि तो फार मायेनं म्हणाला, "अगं, कशाला डोक्याला ताप करून घेतेस? माझ्या ओळखीचा एक जण आहे तिथे. माझ्या नावावर करून टाकू, चुटकीसरशी होईल. चालवायची तूच."

मी कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती गोल काढला.

*

गाडी आमच्या इमारतीच्या आवारात उभी असे, आणि आवारात उभ्या असलेल्या अडचणीवर सगळ्यांचा समान हक्क असतो. पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भांडारपाल. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दानं सुरू होतं, म्हणून इमारतीत त्यांना अनुभवी म्हणतात.

"वहिनी, अनुभवानं सांगतो, रॉकेल. रॉकेलपुढे काही टिकत नाही."

"कुठली गाडी पुसली होतीत?"

"गाडी नाही, कुलूप. पण तत्त्व तेच."

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांनी मान हलवली. "ताई, इस्त्री फिरवा. मध्ये ओलं फडकं धरायचं. माझ्या हातून आजवर एक कापड जळलेलं नाही." सासूबाईंचं मत टूथपेस्टचं होतं. "चांदी उजळते, मग पत्र्याला काय धाड भरलीय?" नवऱ्यानं खोडरबर सुचवलं. तो विनोद करत होता, पण मी तेही लिहून घेतलं. मतं पुष्कळ असली की मत द्यायचं नसतं, प्रयोग करायचा असतो.

मी कागदी चिकटपट्टीनं बॉनेटवर नऊ चौकोन आखले. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि कोपऱ्यात उपायाचं नाव लिहिलं. रॉकेल, टूथपेस्ट, व्हिनेगर, खोडरबर, नेलपॉलिश काढायचं औषध, गरम फडकं, राख, साबण. फडकं सगळीकडे एकाच प्रकारचं, घासण्या मोजून पन्नास. नवव्या चौकोनाला काहीच लावायचं नाही, कारण तुलनेला एक चौकोन जसाच्या तसा ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत याला नियंत्रण म्हणतात. प्रयोगशाळेबाहेर याला काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. विसरलेला चौकोन म्हणतात.

एखादा चौकोन मुद्दाम कोरडा ठेवला असेल यावर आवारातल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. मी पाणी प्यायला वर गेले तेवढ्यात प्रत्येकानं येता-जाता त्याच्यावर दया केली. कुणी थुंकी लावून पाहिली, कुणी दाढीचा फेस, कुणी स्वयंपाकाचं तेल. पहारेकऱ्यानं आपल्या बुटांचं पॉलिश लावलं. मी खाली आले तेव्हा नववा चौकोन सगळ्यांत जास्त चमकत होता.

"हा कोणता उपाय?" अनुभवींनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले.

"मग काहीच नाही हाच उत्तम दिसतोय."

तो चौकोन बाद केल्यावर पहिला नंबर टूथपेस्टचा आला. सासूबाईंनी खुर्ची खाली मागवली आणि त्या आपल्या चौकोनासमोर बसून राहिल्या. अनुभवींना निकाल मान्य नव्हता. "माझ्या चौकोनात ढेकणाचे दोन पाय आलेत. पाय अवघड असतात. त्यांच्या चौकोनात नुसतं पोट आहे." मग पोट अवघड का पाय, यावर तासभर चर्चा झाली. चिकटपट्ट्या काढल्या तेव्हा लक्षात आलं की चौकोनांच्या रेघा बॉनेटवर तशाच उमटल्या आहेत. ढेकूण होताच, आता तो नऊ घरांच्या पटावर बसला होता.

टूथपेस्टचा निकाल लागला होता, म्हणून मी हिशेब केला. एका चौकोनाला तेवीस मिनिटं, गाडीवर असे तीनशे अकरा चौकोन. म्हणजे रोज दोन तास घासलं तरी साठ दिवस. माझ्याकडे बावीस होते. नवऱ्यानं ड्रिल मशीन आणलं आणि त्याला स्पंजची चकती बसवली. कल्पना बरी होती हे मी आजही कबूल करते.

"वेग कमी ठेवा," मी म्हणाले.

"तू आधी पेस्ट लाव. भरपूर लाव."

मी भरपूर लावली. त्यानं बटण दाबलं.

टूथपेस्टचे थेंब किती अंतर जातात हे मला त्यापूर्वी ठाऊक नव्हतं. आता आहे. साडेसहा मीटर जातात आणि वर दुसऱ्या मजल्यापर्यंत जातात. दोऱ्यांवर चार घरांचे कपडे होते. अनुभवी समोर उभे होते, तोंड उघडं ठेवून, सल्ल्याच्या तयारीत. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत त्यांच्यावर पांढरा पट्टा उमटला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पहिल्या शब्दापाशी अडकलं. "अनुभवा..." एवढंच म्हणून ते वर गेले.

शिवणवाल्या बाई मात्र बाहेर आल्या. त्यांच्या हातात हँगरला लावलेला वकिलाचा काळा कोट होता, नुकताच शिवून झालेला. पाठीवर पांढरे ठिपके होते, आभाळात चांदण्या असाव्यात तसे.

"ताई! हा उद्या कोर्टात उभा राहायचाय!"

मी तो कोट ओल्या फडक्यानं ठिपका-ठिपका करत रात्री जेवायची वेळ होईपर्यंत पुसला. ठिपके गेले, वास राहिला. वकील दुसऱ्या दिवशी खटला जिंकले. न्यायाधीशांनी उलटतपासणीच्या वेळी दोनदा मान वर करून वास घेतला म्हणे.

माझी कीर्ती एव्हाना आवाराबाहेर गेली होती. सिग्नलला गाडी थांबली की शेजारची काच खाली येई. "ओ बाई, गादीत झालेत हो, येता का?" मी सांगे, मी ते काम करत नाही. "मग गाडीवर कशाला लिहिलंय?" याचं उत्तर हिरवा दिवा लागायच्या आत देण्यासारखं नसे. एकदा पेट्रोल पंपावर एका गृहस्थानं माझ्यासमोर कागदाची पुडी उघडली आणि विचारलं, "हे ढेकूणच ना?" होते ढेकूणच. ते मी सांगितलं, कारण खरं ते खरं.

पण खरा घाव प्रयोगशाळेत बसला. आमचे संचालक निवृत्त होत होते. निरोप समारंभ समोरच्या अंगणात होता आणि मला उशीर झाल्यामुळे गाडी व्यासपीठाच्या मागेच लावावी लागली, पाठ सभेकडे करून. संचालकांनी एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल गहिवरून भाषण केलं. लोक हसू दाबत होते, मला तो गहिवरच वाटला. सामूहिक फोटो आला तेव्हा कळलं. मध्यभागी हार घातलेले संचालक, त्यांच्या शेजारी नवीन संचालिका, आणि दोघांच्या डोक्यांवर, ठसठशीत निळ्या अक्षरांत, 'आम्ही आलो, ते गेले!'

*

सतराव्या दिवशी मी हट्ट सोडला आणि गाडी रंगवणाऱ्या पेंटरकडे गेले. आवाराच्या मागच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. तो वाळलेला, शांत माणूस. चष्मा दोरीनं गळ्यात. तो गाडीभोवती एकदा फिरला आणि बॉनेटपाशी थांबून त्यानं बोटाच्या पेरानं ढेकणाचं पोट चाचपलं. मग त्याच बोटानं शेजारचा राखाडी पत्रा चाचपला. बोटावर खडूसारखी पूड आली.

"ताई, हा पुसायला कुणी घेतला?"

"मी."

"का?"

"डाग आहे म्हणून."

"हा डाग नाही. हा चांगला रंग आहे. आख्ख्या गाडीत एवढाच चांगला उरलाय." त्यानं पूड लागलेलं बोट मला दाखवलं. "डाग म्हणजे ही बाकीची गाडी."

मी वाकून दोन्ही जागा पाहिल्या. वीस वर्षं सगळी गाडी ऊन खात होती आणि स्टिकरच्या खालचा रंग सावलीत जसाच्या तसा होता. झाकलेला नमुना आणि उघडा नमुना. नवीन मुलांना मी दरवर्षी हेच शिकवते. नियंत्रणाचा चौकोन पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याला सहा पाय होते, एवढ्यासाठी मी त्याला ओळखलं नाही.

"म्हणजे ढेकणाला गाडीसारखं करायचं नाही," मी म्हणाले, "गाडीला ढेकणासारखं करायचं."

"आता बोललात."

त्याच्याकडे दोन महिन्यांचं काम तुंबलेलं होतं. पण माझं तोंड बघून त्यानं आपलं जुनं पॉलिशचं मशीन, कंपाउंडचा, म्हणजे रंग घासायच्या मलमाचा, डबा आणि लोकरीच्या दोन चकत्या दिल्या. मागच्या दाराच्या एका कोपऱ्यावर त्यानं स्वतः करून दाखवलं. "आधी स्वच्छ धुवायची. मग कंपाउंड, बोटभर. टूथपेस्टसारखं फासायचं नाही." ही बातमी त्याच्यापर्यंतही गेली होती. "मशीन दाबायचं नाही, नुसतं धरायचं. आणि कडेवर थांबायचं नाही, तिथे रंग पातळ असतो."

त्या दिवसापासून रोज कामावरून आल्यावर मी जुना ॲप्रन घालून खाली उतरू लागले. पहिल्या संध्याकाळी बॉनेटचा डावा कोपरा घेतला. राखाडी पूड चकतीवर चढली, पत्रा आधी ढगाळ झाला, मग ओला दिसला, आणि फडकं फिरवलं तर खाली निळं! नुसतं निळं नव्हे, शाईच्या दौतीत डोकावल्यासारखं निळं. त्यात मला माझा चेहरा दिसला, ॲप्रनसकट. मी एकटीच आवारात मोठ्यानं हसले. पहारेकरी धावत आला.

मग ते व्यसनच लागलं. भाजी चिरताना माझं मनगट आपोआप गोल फिरे. ऑफिसच्या जिन्यात रंग उडालेला कठडा दिसला की हात शिवशिवत. रोज एक पट्टा निळा होई आणि त्या पट्ट्यात ढेकणाचा एकेक पाय बुडून जाई. पाय गेले, मग पोट गेलं. झुरळ गेलं, उंदराचं प्रश्नचिन्ह तेवढं दोन दिवस टिकलं. सगळी इमारत संध्याकाळी खुर्च्या घेऊन खाली बसू लागली. अनुभवी परत आले. तह झाला.

"अनुभवानं सांगतो वहिनी, कंपाउंड म्हणजे मुळात रॉकेलच."

"टूथपेस्ट आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या डब्यातली."

दोन्हींत बारीक घासणारी पूड असते. सासूबाई तत्त्वतः बरोबर होत्या, आणि ते मी चारचौघांत मान्य केलं. त्यानंतर त्यांनी मला आठ दिवस चहा करू दिला नाही; स्वतः करून खाली पाठवला.

एकोणतिसाव्या दिवशी काम संपलं. पुढून, मागून, वाकून, बसून, कुठूनही पाहिलं तरी गाडी नुसती निळी होती. नवरा तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "ही खरंच तू केलीस?" हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

*

तिसाव्या दिवशी पहाटे दव पडलं होतं. मी फडकं घेऊन खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थिजले. गाडीच्या मागच्या दारावर, दवाच्या पांढुरक्या थरात, स्वच्छ लिहिलं होतं, 'आम्ही आलो, ते गेले!'

मी पुसलं. गेलं. बॉनेटवर फुंकर मारली. ढेकूण पाय वर करून हजर. सहा-सात सेकंदांनी वाफ विरली आणि तोही विरला. कारण मला कळत होतं. वीस वर्षं झाकलेल्या आणि उघड्या पत्र्याचा पोत अगदी किंचित वेगळा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वाफेला कळतो. कारण कळल्यानं छातीतली धडधड थांबत नाही, हेही त्या पहाटे कळलं. मी ठरवलं की ऊन चांगलं वर येऊ द्यायचं, गाडी खडखडीत कोरडी झाली की कार्यालयात न्यायची, आणि तिच्या जवळपास कुणाला मोठा श्वास घेऊ द्यायचा नाही.

अकरा वाजता निरीक्षक पुठ्ठा घेऊन बाहेर आले. गाडीभोवती एकदा फिरले. पुन्हा फिरले. वाचायला काहीच नसल्यामुळे ते जरा अवघडल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी फाइल उघडून फोटो गाडीशेजारी धरले.

"मॅडम, ही गाडी कुणाची?"

"माझी. म्हणजे, होणार आहे."

"ती कुठे आहे? फोटोतली?"

"हीच ती."

"ती राखाडी होती. तिच्यावर ढेकूण होता."

"राखाडी काढली, म्हणून ढेकूण गेला. तुम्हीच सांगितलं होतं साहेब."

"मी हरकत दूर करा म्हटलं होतं. गाडी बदला नाही म्हटलं."

मी चॅसिस नंबर दाखवला. त्यांनी वाकून तो आकडा-आकडा तपासला. "नंबर जुळतो," ते म्हणाले, "गाडी जुळत नाही. फॉर्मवर दोन्हीला खूण लागते." आणि त्यांनी पेनचं टोपण बंद केलं.

नवरा सोबत आला होता. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "माझ्या ओळखीचा तो आतच बसलाय. बोलावू?"

माझ्यापाशी एकच पुरावा होता, आणि तो दाखवला तर पहिली हरकत परत उभी राहणार होती. सव्वीस वर्षांत मी एकाही नमुन्याची नोंद लपवलेली नाही. मी बॉनेटवर वाकले, पोटातून श्वास घेतला आणि सोडला.

ढेकूण आला.

निरीक्षक एक पाऊल मागे सरकले. मग दोन पावलं पुढे आले. "परत करा."

मी परत केलं. ते स्वतः वाकले आणि त्यांनी फुंकर मारली. आधी त्यांचा चष्माच धुरकटला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मारली आणि 'झुरळ?' वाचून लहान मुलासारखे हसले. रांगेतले लोक रांग सोडून आले. एक लठ्ठ गृहस्थ उंदीर काढू लागले, दोन कॉलेजच्या मुली मागच्या दाराला चिकटल्या, कार्यालयाचा शिपाई फोटोशी ताडून ओरडला, "साहेब, प्रश्नचिन्हं तीनच्या तीन आहेत!" दहा-बारा माणसं गाल फुगवून माझ्या गाडीवर फुंकर मारत होती. नवरा डोक्याला हात लावून उभा होता. आणि मग, थोड्या वेळानं, तोही वाकला.

"तीच गाडी," निरीक्षकांनी खूण केली. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण म्हणजे मजकूर दिसतोय, मॅडम. पहिली हरकत..."

"किती वेळ दिसला साहेब?"

"असेल सहा-सात सेकंद."

"आणि फुंकर मारली नाही तर?"

त्यांनी कोरड्या दाराकडे डोळे बारीक करून पाहिलं. "नाही दिसत."

"तपासणी फुंकर मारून करावी, असं फॉर्मवर लिहिलंय का?"

त्यांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला, खालची बारीक अक्षरं वाचली. त्यांना माझ्या युक्तिवादात चूक सापडेना. तो चेहरा मला ओळखीचा होता. एकोणतीस दिवसांपूर्वी तो माझा होता. त्यांनी टोपण उघडलं आणि लिहिलं, 'गाडी तीच. रंग निळा. मजकूर साध्या स्थितीत दिसत नाही.' शिक्का मारला. मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि मला वाचून दाखवायला लावलं.

लोक रांगेत परत गेले. निरीक्षक मात्र तिथेच घुटमळत होते. इकडे-तिकडे पाहून ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, डाव्या बाजूला फोन नंबर होता ना?"

"होता."

"तो जरा... परत येईल का? घरी पलंगात फार झालेत. बायको माहेरी निघाली आहे."

मी दहा आकड्यांवर पाच वेळा फुंकर मारली, दोन-दोन आकडे एकेका श्वासात. ते तळहातावर लिहून घेत गेले. शेवटच्या जोडीला माझे डोळे फिरले आणि मला नवऱ्याला धरावं लागलं.

"नंबर अजून चालू आहे?"

"उद्या सकाळपर्यंत. आज संध्याकाळी काका नक्की येतील."

"आले की..."

"ते गेले," मी म्हणाले.

परत निघताना नवरा नेहमीच्या सवयीनं उजव्या दारापाशी गेला. त्यानं चकचकीत निळ्या टपावरून हात फिरवला आणि तो हात माझ्यापुढे पसरला. "दे ना चावी. घरापर्यंतच. बघू तरी कशी चालते."

मी दार उघडलं, आत बसले, आरसा माझ्या उंचीला लावून घेतला.

"क्लच जरा नाजूक आहे हो तिचा," मी म्हणाले.